दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच पकडले गेलात? गोव्यात 'कबूल' म्हणण्याआधी हे वाचा

एप्रिल संपत आला होता. वाळपईच्या पुढे मित्राच्या बागायतीत काजूची भट्टी लागली होती, आणि ताजी हुर्राक (काजूच्या रसाची पहिली धार) म्हणजे काही दारू नव्हे असं मानणाऱ्यांपैकी मी एक. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. तीन ग्लास झाले. स्कूटरवरून डिचोलीला परतताना वाटेत नाकाबंदी लागली. पोलिसाने नळी पुढे केली, मी फुंकलं. मशीनवर आकडा आला ६८. कायद्याची मर्यादा ३० आहे.

रात्रभर मोबाइलवर शोधत बसलो. पहिला गुन्हा असेल तर कोर्टाचा एक कोर्स करायचा, सहा महिने नीट वागायचं, मग केस रद्द होते आणि नावावर काही राहत नाही, असं पानामागून पान सांगत होतं. मला हायसं वाटलं. दोन दिवसांनी वकिलांना हे दाखवलं तेव्हा ते हसले. "हे अमेरिकेतलं. आपल्याकडे अशी योजनाच नाही."

योजना नाही हे खरं, पण वाटा अगदीच नाहीत असंही नाही. त्या अरुंद आहेत, आणि बहुतेक लोक पहिल्याच तारखेला आपल्या हाताने त्या बंद करून टाकतात. कारण 'कबूल' म्हटलं की जेवायला घरी पोचता येतं. त्या सकाळी मला कोणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितो. मी वकील नाही. तुमच्या गाडीने कोणाला इजा झाली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि प्रकरण वेगळं होतं.

१. कलम काय म्हणतं ते आधी वाचा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. रक्ताच्या १०० मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. ते फुंकण्याच्या मशीनवर किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीत दिसायला हवं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत. त्याआधी पहिला दंड २,००० पर्यंतच होता, त्यामुळे एखादा काका 'दोन हजार टाकून मोकळा हो' म्हणाला तर तो जुन्या काळातलं सांगतोय.

हेल्मेट, सीटबेल्ट यांचं चलन जागेवर तडजोडीची रक्कम भरून मिटतं. कलम २०० मध्ये अशा तडजोडीच्या गुन्ह्यांची यादी आहे आणि तीत १८५ नाही. म्हणजे हे प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, ते न्यायालयात जातं. रस्त्यावर मिटवून देतो म्हणणारा जो कोणी भेटेल, तो तुम्हाला दुसऱ्या गुन्ह्यात ओढतोय.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. प्यायलेल्या मित्राला आपली चावी देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा होऊ शकते. त्या दिवशी स्कूटर माझीच होती, एवढं बरं.

२. रस्त्यावर आणि ठाण्यात

फुंकायला नकार देऊ नका. नकार दिला की विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि विनाकारण नकार ही गोष्ट कलम २०५ खाली तुमच्याच विरुद्ध धरली जाते. पण माउथवॉश, खोकल्याचं औषध किंवा शेवटचा घोट नुकताच घेतलेला असेल तर ते आवाज न चढवता सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणून विनंती करा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात उतरतं, पोटातलं नाही.

अटक झालीच तर ही वेळ लक्षात ठेवा: दोन तास. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून झालीच पाहिजे, नाहीतर त्याला सोडायला हवं. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरपुढे उभं केल्याची वेळ मोबाइलवर लिहून ठेवा, मोबाइल नसेल तर घरच्यांना सांगा. मशीनचा आकडा चुकीचा वाटत असेल तर रक्ततपासणीची मागणी करा. गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. माझ्यासारख्या साध्या प्रकरणात अटकही झाली नाही. चलन हातात दिलं, लायसन्स ठेवून घेतलं आणि मेव्हण्याने येऊन स्कूटर नेली.

'गाडी मी नाही, हा चालवत होता' असं मित्राला पुढे करून सांगू नका. कॅमेरे सगळीकडे आहेत, आणि खोटी साक्ष ही हुर्राकीपेक्षा महाग पडते.

३. लायसन्सचं प्रकरण कोर्टापासून वेगळं चालतं

इथे जवळजवळ सगळे चुकतात. पोलिस लायसन्स जप्त करून वाहतूक खात्याकडे पाठवतात आणि तुम्हाला एक पावती देतात. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. पण मी चार दिवस त्याच पावतीवर ऑफिसला जात होतो, कारण 'पावती आहे ना' असं सगळेच म्हणत होते. डिजिलॉकरमधली प्रत दाखवूनही भागत नाही. निलंबनाच्या काळात चालवताना सापडलात तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

पुढे परवाना अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. पण निलंबन करताना अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं ऐकायला हवं आणि सविस्तर कारणं लेखी द्यायला हवीत. 'म्हणणं नाही' असं लिहून सही करू नका. दोन ओळींचं का होईना, लेखी म्हणणं द्या. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज कामाला येणारे खूप जण आहेत. त्यांचं लायसन्स महाराष्ट्रातलं असतं, त्यामुळे ते नेमकं कुठल्या कार्यालयाकडे पाठवलं आणि कुठल्या जावक क्रमांकाने, ते विचारून लिहून घ्या. नाहीतर तीन महिने संपले तरी दोन राज्यांच्या टेबलांमध्ये तुम्ही फिरत राहाल.

४. हे कागद जमवा

चलनाची आणि जप्तीच्या पावतीची प्रत. मशीनमधून निघालेली चिठ्ठी, म्हणजे तारीख, वेळ, आकडा आणि तुमची सही असलेली. ती तुम्हाला दिली नसेल तर न्यायालयातून मागायची. वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा दाखला. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पंचायतीचा रहिवासी दाखला. नोकरीच्या ठिकाणचं पत्र. पण वरिष्ठांना सांगायचंच नसेल तर पगाराच्या पावत्या पुरतात. पासपोर्टची प्रत, आणि त्याची मुदत कधी संपते ते आत्ताच बघून ठेवा. का ते पुढे येईल.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्तर आणि दक्षिण गोव्याचं वेगवेगळं आहे, आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना मोफत वकील मिळतो.

५. पहिल्या तारखेला 'कबूल' म्हणू नका

कोर्टात तुमचा नंबर येतो. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? मागे तीस माणसं उभी, ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा, बाहेर कोणीतरी नुकतंच सांगितलेलं असतं की 'हो म्हण, दंड भर, सुटलास'.

तो दंड म्हणजे चलन नव्हे. कबुलीवर भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे. उद्या एखाद्या अर्जात 'तुम्हाला कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरवलंय का' असं विचारलं तर उत्तर 'होय' येतं. शिवाय कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळजवळ उरतच नाही, फार तर शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं.

म्हणून एवढंच म्हणा: "साहेब, कागदांच्या प्रती आणि वकील करायला वेळ हवा." यात उद्धटपणा काही नाही, हे वाक्य ते रोज ऐकतात. मला तीन आठवड्यांची तारीख मिळाली. कागद इंग्रजीत असतात, समजले नाहीत तर वकिलाकडून समजून घ्या. न वाचता सही नको. कोर्टाबाहेर फाइल काखेत धरून 'आतून करून देतो' म्हणणारे असतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

६. खरोखर उघड्या असलेल्या वाटा

पहिली वाट म्हणजे निर्दोष सुटणं, किंवा खटलाच उभा न राहणं. दोषसिद्धीचा खरा पर्याय हाच एक. तुम्ही कसे माणूस आहात यावर तो ठरत नाही, फाइलमध्ये काय आहे यावर ठरतो. मशीनचा छापील आकडा आहे का? मशीनची वेळोवेळी तपासणी झाल्याचा कागद आहे का? नुसतं डॉक्टरचं 'तोंडाला दारूचा वास' एवढंच असेल तर ३० चा आकडा सिद्ध कसा होणार? केरळ उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी असे खटले टिकू दिलेले नाहीत. गाडी तुम्ही चालवत होता किंवा चालवायचा प्रयत्न करत होता हेही सिद्ध व्हावं लागतं. उभ्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस गाडी चालवत नसतो. आणि मुदत: एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यायला हवी. त्यानंतर आलेल्या प्रकरणात हा मुद्दा वकिलाने मांडायलाच हवा.

माझ्या फाइलमध्ये चिठ्ठी होती, वेळ होती, माझी सही होती. वकील म्हणाले, "लढायला काही नाही. लढलात तर माझी फी वाढेल, एवढंच." अशा वकिलाला धरून राहा.

दुसरी वाट म्हणजे समज देऊन सोडणं. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८, कलम ३. दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर, न्यायालय शिक्षा न देता ताकीद देऊन सोडू शकतं. कलम ४ खाली जास्तीत जास्त तीन वर्षांचं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेऊन सोडता येतं. एकवीस वर्षांखालच्यांसाठी कलम ६ आणखी उदार आहे: कैद द्यायची तर का, हे न्यायालयाला लेखी सांगावं लागतं.

आता यातली मेख. इथे तुम्ही दोषी ठरता, फक्त शिक्षा होत नाही. कलम १२ म्हणतं की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितलं की याने दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी खातं आपल्या कर्मचाऱ्यावर त्यावरून कारवाई करू शकतं. शिवाय ही सवलत पुन्हा मिळत नाही. कलम ३ च्या हिशेबात आधीचा असा आदेश हाच 'पूर्वीची दोषसिद्धी' धरला जातो.

हे न मागता मिळत नाही, मागावं लागतं. अर्ज, वर सांगितलेले कागद आणि 'मी काय केलं' याचा काहीतरी पुरावा. मी मधल्या काळात मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचं प्रशिक्षण घेऊन दाखला जोडला. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "कुठून कुठे चालला होता?" मी सांगितलं. "म्हणजे होंडा आणि साखळी, दोन्ही बाजार ओलांडून?" मी हो म्हणालो. अर्ज फेटाळला, १०,००० रुपये दंड, कैद नाही. मला ते रास्त वाटलं, आजही वाटतं. वाहनचालकांना परिवीक्षेची सवलत देताना हात आखडता ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानेच २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात म्हटलंय. तो खटला बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मेल्याचा होता, पण त्याची सावली आपल्यावरही पडते. तेव्हा ही वाट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आकडा मर्यादेच्या जरासाच वर असेल, अंतर थोडं असेल, वय कमी असेल तर आशा जास्त.

बाकी ज्या वाटांबद्दल लोक बोलतात त्या भराभर सांगतो. लोकअदालत: तडजोडपात्र नसलेला गुन्हा कायद्याने तिच्या अधिकारात येत नाही. तिथे साधी चलनं मिटतात. समाजसेवेची शिक्षा: १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आली खरी, पण दारूच्या बाबतीत ती पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्यांसाठीच्या कलम ३५५ मध्ये. १८५ मध्ये ती लिहिलेली नाही. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा मान्य करून शिक्षेत सवलत मागणं: शेवट दोषसिद्धीतच होतो, आणि जिथे बळी पडलेला माणूसच नाही तिथे समझोता करणार कोणाशी? पर्वरीला उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करून घेणं: चाचणीच झाली नसेल असं काही असेल तर विचारा, नुसतं 'पहिलीच वेळ आहे' या कारणाने तो खर्च करू नका.

७. लढायचं की मिटवायचं: पासपोर्ट काढून समोर ठेवा

माझा मेव्हणा म्हापशाचा, बोटीवर नोकरीला. तोही अशाच नाकाबंदीत सापडला होता, माझ्या आधी दोन वर्षं. त्याच्या फाइलमध्ये मशीनची चिठ्ठीच नव्हती, नुसता वासाचा दाखला. तो लढला आणि निर्दोष सुटला. दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात पासपोर्टची मुदत संपली.

पासपोर्ट कायदा १९६७ चा हिशेब असा आहे. दोषसिद्धीमुळे पासपोर्ट अडतो तो नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची शिक्षा असेल तर, तीही गेल्या पाच वर्षांतली. १८५ चा पहिला दंड त्यात बसत नाही. मात्र फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि मग खटला चालू असलेल्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर साधारण एका वर्षाचाच पासपोर्ट मिळतो. मेव्हण्याने अर्ज केला, दोन तारखा गेल्या, एका वर्षाचा पासपोर्ट आला. एवढ्या कमी मुदतीवर बोटीच्या कंपनीने घेतलं नाही आणि एक कंत्राट हातचं गेलं. निर्दोष सुटण्याची किंमत माझ्या दंडाच्या कितीतरी पट झाली.

म्हणून गोव्यात हा निर्णय घेताना घरात एक प्रश्न आधी विचारा: येत्या दोन वर्षांत कोणाला बोटीवर, आखातात किंवा शिकायला बाहेर जायचंय का? असेल, तर पासपोर्टचं नूतनीकरण कधी येतं ते बघा आणि परवानगीचा अर्ज वकिलाला आत्ताच तयार करायला सांगा. सरकारी नोकरीत असाल किंवा भरतीची तयारी करत असाल तर गणित उलटं: तिथे दोषसिद्धी जास्त बोचते, आणि फाइल कच्ची असेल तर लढणं परवडतं. खासगी नोकरी, परदेशाचा विचार नाही, फाइल पक्की: तेव्हा समजेचा अर्ज देऊन पाहा आणि दंडाची तयारी ठेवा. चारचाकी ठोकली गेली असेल तर विम्याचं वेगळं विचारा. दारूच्या नशेत झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी सहसा देत नाही.

८. निकालानंतरची कामं

दंडाची पावती कोर्टातच घ्या. निकालाची प्रमाणित प्रत मागायला त्याच दिवशी अर्ज द्या, नंतर ती जुन्या गठ्ठ्यात जाते. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकून 'निकाली' दिसतंय का ते पाहा. माझी केस दंड भरूनही काही आठवडे प्रलंबित दिसत होती, आणि पासपोर्टच्या पोलिस तपासणीत तेवढंच पुरतं.

निलंबनाचे तीन महिने संपले की लायसन्स आपोआप घरी येत नाही. निलंबित चालकाला उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचा दाखला घेऊन कार्यालयात जायचं. मी कोर्टासाठी आधीच घेतलेला दाखला इथे चालला. परत मिळाल्यावर परिवहन संकेतस्थळावर लायसन्सची स्थिती 'चालू' झाली का तेही बघा. माझी झाली नव्हती, पुन्हा एक फेरी पडली.

त्या तीन महिन्यांत मी कदंबने जात होतो. डिचोलीहून पणजीची सकाळची बस भरून येते, जागा हवी असेल तर एक थांबा मागे जाऊन बसा.